चाळा, नाद की व्यसन?
कार्यालयातील इंटरनेटचा पेच

कामाच्या वेळेत इंटरनेटवर तासन्‌तास रेंगाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे करायचे काय, हा प्रश्न कार्यालयांत संगणकाला दूरध्वनीची तार जोडली गेली तेव्हापासूनचा आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी ‘इंटरनेट व्यसन विकार’ या नावाच्या आजाराची लक्षणे लिहून सहकाऱ्यांपुढे ठेवली. ती निव्वळ थट्टा होती. परंतु ‘हे तर आपलेच वर्णन’ असे म्हणणारे लोक निघाले. पुढच्याच वर्षी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी या विषयावर गंभीरपणे शोधनिबंध मांडला. त्यांनी तयार केलेली वीस प्रश्नांची चाचणी आजही जगभर वापरली जाते.

मराठीत या अवस्थेसाठी तीन शब्द सहज सापडतात. चाळा, नाद आणि व्यसन. व्यवस्थापनाची निम्मी चूक या तिन्हींना एकच समजण्यात असते. दोन फायलींच्या मध्ये क्रिकेटचा धावफलक पाहणे हा चाळा. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठातील व्हिव्हियन लिम यांनी २००२ मध्ये अशा कामचुकारपणाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना त्याचे मूळ बऱ्याच अंशी मालकाविषयीच्या नाराजीत आढळले. आपल्यावर अन्याय होतो असे वाटणारा माणूस कंपनीचा वेळ वापरून हिशेब चुकता करतो. उलट, मेलबर्न विद्यापीठातील ब्रेंट कोकर यांनी २००९ मध्ये मांडलेला निष्कर्ष मालकांना बुचकळ्यात टाकणारा होता. कार्यालयीन वेळेच्या वीस टक्क्यांहून कमी वेळ विरंगुळ्यासाठी इंटरनेट वापरणारे कर्मचारी न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ टक्के अधिक काम करतात, असे त्यांना दिसले. थोडा टाइमपास कामाला मारक नाही, एवढे तरी त्यातून म्हणता येते.

व्यसनाची खूण तासांच्या हिशेबात सापडत नाही. कमी करायचे ठरवूनही जमत नाही, कोणी आले की पडद्यावरची खिडकी घाईने बंद होते, जोडणी तुटली की चिडचिड होते आणि नुकसान दिसत असूनही हात मागे येत नाही. ही लक्षणे एकत्र दिसली तर मामला शिस्तीपलीकडचा असतो. अनेकदा त्याच्या मुळाशी नैराश्य, चिंता किंवा झोपेचा बिघाड असतो आणि इंटरनेट हा त्यातून पळण्याचा मार्ग असतो.

अडचण अशी की वैद्यकशास्त्राने या अवस्थेला अद्याप पुरते नाव दिलेले नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये इंटरनेटवरील खेळांच्या विकाराला ‘अधिक अभ्यास हवा’ अशा यादीत घातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत खेळांच्या विकाराला स्थान मिळाले आणि ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दिवसभर समभागांचे भाव, गप्पा किंवा खरेदीची पाने सोडवत नसलेल्या माणसासाठी मात्र त्यात स्वतंत्र निदान नाही. त्यामुळे आजारपणाची रजा द्यावी की कारणे दाखवा नोटीस, हे ठरवताना व्यवस्थापक अक्षरशः चाचपडतात.

याची झळ कशी बसते, हे आयबीएमच्या खटल्यात दिसले. व्हिएतनाम युद्धात लढलेल्या एका कर्मचाऱ्याला कंपनीने २००३ मध्ये, कार्यालयातून प्रौढांच्या गप्पांचे संकेतस्थळ पाहिल्याबद्दल कामावरून काढले. युद्धाच्या आघातातून जडलेल्या विकारामुळे आपण तिकडे वळतो, मद्यपीला उपचारांची संधी मिळते तशी आपल्यालाही मिळायला हवी होती, असे म्हणत त्याने पन्नास लाख डॉलरचा दावा लावला. न्यायालयाने २००९ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सुमारे एकोणीस वर्षांची नोकरी गेली ती गेलीच.

दुसरे टोक पाळतीचे. रुमानियातील एका कंपनीने कर्मचाऱ्याच्या याहू मेसेंजरवरील गप्पा नोंदवल्या आणि भाऊ व वाग्दत्त वधूला पाठवलेल्या निरोपांच्या उताऱ्याचे ४५ पानी बाड त्याच्यापुढे ठेवून २००७ मध्ये त्याला काढले. ‘बार्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया’ या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी कर्मचाऱ्याच्या बाजूने कौल दिला. पाळत असेल तर तिची व्याप्ती आधी सांगायला हवी आणि सौम्य उपाय आहे का हे पाहायला हवे, हा त्याचा गाभा. योगायोग असा, की त्याच्या बाराच दिवस आधी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले होते.

मग करायचे काय? संकेतस्थळे बंद करण्याचा उपाय खिशातल्या मोबाइलने केव्हाच निकामी केला आहे. वापराचे नियम लेखी असावेत, सर्वांना आधी कळवलेले असावेत आणि साहेबांनाही लागू असावेत. त्यानंतरची पायरी संभाषणाची. वरिष्ठाने रोगनिदान करू नये. ‘तुम्हाला व्यसन लागले आहे’ हे वाक्य तर टाळावेच. चुकलेल्या मुदती आणि अर्धवट कामे समोर ठेवून बोलावे, कारण तेवढेच त्याच्या अखत्यारीत असते. पुढचे काम समुपदेशकाचे. अमेरिकेत १९४० च्या दशकात मद्यपी कामगारांसाठी सुरू झालेल्या योजनांतूनच आजचे कर्मचारी साहाय्य कार्यक्रम वाढले. नोकरी टिकवण्याची ओढ हीच उपचाराची प्रेरणा, हे त्यांचे सूत्र इथेही लागू पडते.

मात्र दारूप्रमाणे इंटरनेट पूर्ण सोडता येत नाही. रोजचे कामच त्यावर असते. म्हणून उपचारांत वर्जनापेक्षा नियंत्रणावर भर असतो. कोणत्या क्षणी, कोणत्या मनःस्थितीत बोट तिकडे वळते याची नोंद ठेवणे, विचारांची साखळी तोडणे, दिवसाची आखणी बदलणे ही बोधात्मक वर्तनोपचाराची पद्धत. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचे स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले.

कार्यालयाने आपल्या वाट्याकडेही पाहावे. रात्री अकराला आलेल्या साहेबांच्या निरोपाला लगेच उत्तर अपेक्षित धरणारी संस्थाच कर्मचाऱ्याला सतत पडद्याकडे पाहण्याची सवय लावते. फ्रान्समध्ये कामानंतर संपर्क तोडण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसेच खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते.

राहतो प्रश्न गोपनीयतेचा. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद पदोन्नतीच्या फायलीत पोहोचणार असेल, तर तिकडे कोणी फिरकणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मानसिक आजारावरील उपचारांच्या माहितीबाबत रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. समुपदेशकाने कंपनीला कळवायचे ते इतकेच, की कर्मचारी ठरल्या वेळी येतो की नाही. आणि तेही त्याच्या संमतीने.