हार्लेममधील रोडरोलर

५ जून १९९३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात एक रोडरोलर आणून उभा करण्यात आला होता. रस्ता करावयाचा नव्हता. ॲबिसिनियन बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक रेव्हरंड कॅल्व्हिन बट्स ह्यांनी लोकांस आवाहन केले होते की, ज्या रॅप गीतांत स्त्रियांची विटंबना व हिंसेची बढाई आहे त्यांच्या कॅसेटी आणून द्या, आपण त्या चिरडून टाकू. खोकीच्या खोकी जमली. परंतु ऐन वेळी काही कृष्णवर्णी विरोधकच रोलरसमोर उभे राहिले. आमच्या मुलांच्या वाणीवर यंत्र चालवू नका, असा त्यांचा आग्रह होता. अखेर रोलर न चालवता ती खोकी शहराच्या मध्यभागी सोनी कंपनीच्या कचेरीपुढे नेऊन रिती करण्यात आली.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा पाळक ह्या नात्याने आमचे मन सर्वस्वी बट्स ह्यांच्याकडे झुकले. आज तसे म्हणवत नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बट्स हे काही सोवळे, जगापासून अंग चोरून राहणारे पाळक नव्हते. त्यांची मंडळी १८०८ मध्ये स्थापन झाली तीच मुळी उपासनेत काळ्यांनी वेगळे बसावे ह्या नियमाचा धिक्कार करून. तिचे एक पाळक ॲडम क्लेटन पॉवेल (धाकटे) १९४५ पासून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसले. स्वतः बट्स १९९० मध्ये अनुयायांसह हार्लेममध्ये हिंडून दारू व सिगारेटच्या जाहिरातफलकांवर चुना फासत होते. रॅप ह्या प्रकारासच आपला विरोध नाही, हेही ते सांगत. स्त्रियांविषयी त्यांनी जे म्हटले ते खरेच होते. त्यास कलेच्या स्वातंत्र्याचे उत्तर पुरत नाही.

ह्याच मंडळीत १९३०-३१ साली एक तरुण जर्मन पंडित शब्बाथशाळेत शिकवीत असे. त्याचे नाव डीट्रिख बॉनहोफर. परत जाताना त्याने काळ्या लोकांच्या भक्तिगीतांच्या ग्रामोफोन तबकड्या बरोबर नेल्या, आणि पुढे फिंकेनवाल्डे येथील गुप्तप्राय सेमिनरीत आपल्या विद्यार्थ्यांना त्या ऐकवल्या. हिटलरच्या राज्यात गुलामांची गाणी! जेथून तबकड्या जपून नेल्या गेल्या, तेथेच बासष्ट वर्षांनी तबकड्या चिरडण्यासाठी गोळा व्हाव्यात, हे आम्हांस विचार करावयास लावते.

रॅप म्हणजे तालावर केलेले यमकबद्ध कथन. हिप हॉप ही त्याच्याभोवतीची सारी संस्कृती. ती जन्मली ब्राँक्समध्ये. तेथील वस्तीतून १९४८ पासून मोठा द्रुतगती रस्ता काढण्यात आला, हजारो कुटुंबे उठली, कारखाने गेले, १९७० नंतरच्या दशकात चाळीच्या चाळी आगीत जळाल्या. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल ह्या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवावे म्हणून नाचाची मेजवानी ठेवली. तिचा जमैकात जन्मलेला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच कूल हर्क, गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवीत असे. त्या लांबलेल्या तालावर बोलणे सुरू झाले. १९८२ च्या 'द मेसेज' ह्या तबकडीने त्या बोलण्यात वस्तीचे दारिद्र्य आणले, आणि १९८८ मध्ये पब्लिक एनिमी ह्या गटाने माल्कम एक्सचा ध्वनिमुद्रित आवाजच गीतात ओवून ब्लॅक पँथरांचा वारसा उघडपणे सांगितला. ज्या पँथरांवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतले गेले, तेच हे. (ह्याच गटातील एकाने १९८९ मध्ये यहुद्यांविषयी काढलेले उद्गार निंद्य होते, हेही नोंदवले पाहिजे. अन्याय सोसलेला मनुष्य अन्याय करीत नाही असे थोडेच आहे?)

आता, हे बोलणे आले कोठून? आमच्या मते त्याचा एक उगम व्यासपीठावर आहे. अटलांटाचे पाळक जे. एम. गेट्स ह्यांचे उपदेश १९२६ पासून तबकड्यांवर विकले जात. पुढे डेट्रॉइटचे सी. एल. फ्रँकलिन ह्यांचेही. उपदेश चढत चढत तालात शिरतो आणि मंडळी हुंकार देते, ही रीत ज्याने ऐकली आहे त्यास रॅप परके वाटणार नाही. मंडळीने मात्र आपले अपत्य दर वेळी उशिरा ओळखले. ब्लूजला सैतानाचे संगीत म्हटले गेले. ब्लूज वाजवणारा थॉमस डॉर्सी भक्तिगीते घेऊन आला तेव्हा अनेक मंडळ्यांनी त्यास आरंभी थारा दिला नाही. आज त्याची गीते उपासनेत गातात. जेम्स कोन ह्यांनी १९७२ मध्ये ब्लूज हीही भक्तिगीतांचीच लौकिक बहीण आहे असे प्रतिपादिले, तोवर ब्लूज गाणारी एक पिढी निघून गेली होती.

आमच्या शास्त्रातही सारेच सोवळे नाही. यहेज्केलाचा तेविसावा अध्याय उपासनेत वाचण्याचे धाडस किती पाळक करतील? १३७ व्या स्तोत्राचा शेवट आपण बहुधा गाळतोच. म्हणून रॅपमधील प्रत्येक शिवी पवित्र ठरते असे आम्ही म्हणत नाही. बाबेलच्या नदीकाठचा शोक आणि बाजारासाठी रंगवलेला उन्माद ह्यांत फरक आहे, आणि तो एकेक गीत ऐकूनच करता येतो. रोलरला तो करता येत नाही. बट्स ह्यांनी खोकी कंपनीच्या दारात नेली तेव्हा, विरोधकांमुळे का होईना, ते अधिक योग्य ठिकाणी पोहोचले असे आम्हांस वाटते. उन्मादाचा नफा तेथे जमा होत होता.

बट्स २०२२ मध्ये निवर्तले. त्यानंतरच्या वर्षी अटलांटाच्या किलर माइकने 'मायकल' हा संग्रह काढला. त्यात चर्चच्या गायनवृंदाचे स्वर आहेत. त्याआधी, जुलै २०१५ मध्ये, क्लीव्हलंड येथे कृष्णवर्णी चळवळीच्या संमेलनाहून निघालेला जमाव व पोलीस ह्यांची गाठ पडली, तेव्हा तरुणांनी जुने स्तोत्र म्हटले नाही. त्यांनी केन्ड्रिक लामारच्या 'ऑलराइट' ह्या गीताचे ध्रुपद घोषासारखे म्हटले. त्या गीतात देवाचे नाव आहे आणि शिव्याही आहेत. १९९३ साली ते निघाले असते तर त्याची कॅसेट त्या खोक्यांत पडली असती.