विहीर नाही, पण रस्ता हाती आहे

तेलाची विहीर नगरपालिकेच्या हाती नसते. पण रस्ता कुठून न्यायचा, घरे कुठे बांधू द्यायची, हे तिच्या हाती असते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने हे वेळीच ओळखले. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवले. ऑरेगनमध्ये पंपांवर रांगा लागल्या. गाडीच्या क्रमांकानुसार सम-विषम तारखांना पेट्रोल मिळू लागले. १९७४ मध्ये शहराने माउंट हूड महामार्गाचा बेतच रद्द केला. त्यासाठीचा बराच पैसा शहरी रेल्वेकडे वळला आणि १९८६ मध्ये ती धावू लागली.

स्वस्त तेल संपत आल्याची भीती पुन्हा दाटली, तेव्हा २००६ मध्ये शहराने १२ नागरिकांची समिती नेमली. तिने २००७ मध्ये सांगितले : २५ वर्षांत तेल आणि नैसर्गिक वायूचा वापर निम्म्यावर आणा, महागाईचा पहिला फटका गरिबांना बसेल, त्यांची काळजी आधी घ्या.

जुलै २००८ मध्ये पिंपाचा भाव १४७ डॉलरपर्यंत चढला. पुढे खडकातले तेल काढण्याचे तंत्र फोफावले आणि भाकीत केलेली टंचाई आली नाही. मग तयारी वाया गेली का? नाही. भाव उतरल्यावरही रेल्वे धावतच राहिली. गाडी नसलेल्याला तिचा उपयोग टंचाईतही होतो आणि सुबत्तेतही.