शेटलंडची शाल : माया आणि मजुरी

घरात मूल जन्मास यावयाचे असले म्हणजे आजी, आत्या, मावशी यांच्या हातांना विसावा राहत नाही. महाराष्ट्रात बाळंतविड्यासाठी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी निघतात, कुंच्या आणि टोपडी शिवली जातात. थंड मुलुखांत हेच काम लोकरीचा धागा व सुया यांनी होत आले आहे. या विणकामात ज्या भूमीने जगभर नाव मिळविले, ती म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात विखुरलेली शेटलंडची बेटे. परंतु जी वस्तू घरच्या बाळाला मायेने द्यावयाची, तीच पोटासाठी विकण्याची पाळी आली तेव्हा तिचे मोल कोणी ठरविले, हा प्रश्नही याच बेटांच्या इतिहासात उभा राहिला.

साठाव्या अक्षांशाजवळची ही बेटे उघडी, वादळी व जवळजवळ वृक्षहीन आहेत. तेथील मेंढी लहान चणीची, पण तिची लोकर अत्यंत मऊ. उन्हाळ्याच्या तोंडी ही लोकर आपोआप सैल होई व ती कातरीने न कापता हातांनी उपटून घेत. मानेजवळची लोकर सर्वांत तलम. ती उंची कामासाठी निराळी ठेवीत. रोजच्या वापराच्या शालीस तेथे ‘हॅप’ म्हणतात. मध्ये साधा चौकोन, त्याभोवती लाटांसारखी नक्षी आणि कडेला दातेरी किनार, असे तिचे रूप असे. बायका ती अंगाभोवती घेत आणि तान्ह्यालाही तिच्यातच गुंडाळीत.

बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाला पांघरावयाची जाळीदार शाल मात्र याहून फार नाजूक. अगदी उत्तरेकडील अन्स्ट बेट अशा शालींसाठी विशेष प्रसिद्ध झाले. त्यांचा धागा इतका बारीक असे की, सबंध शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता येई. ढाक्याच्या मलमलीविषयी आपल्याकडे जे सांगतात, तेच तेथे लोकरीविषयी सांगतात. धुतलेली शाल लाकडी चौकटीवर ताणून वाळविली म्हणजे नक्षी स्पष्ट उमटे. अशी एक शाल घरातील एकामागून एक जन्मणाऱ्या मुलांच्या, पुढे नातवंडांच्याही अंगावर पडे.

हे काम फावल्या वेळाचे म्हणावे, तर त्या बायकांना फावला वेळ ठाऊकच नव्हता. पुरुष मासेमारीसाठी समुद्रावर. शेत, गुरे आणि जळण बायकांकडे. पाठीवर जळणाने भरलेली टोपली आणि चालता चालता हातात विणकाम, हे तेथील नित्याचे दृश्य होते. कमरेच्या चामडी पट्ट्यास भोके पाडलेली एक गादी असे. तीत सुईचे टोक रोवले की एक हात बराचसा मोकळा होई.

या विणकामास राजदरबारापर्यंत नेले ते आर्थर अँडरसन याने. तो 1792 साली शेटलंडमध्ये जन्मला. विलायतेची टपाल व उतारू मुंबईस आणणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या संस्थापकांपैकी तो एक होय. 1837 साली त्याने व्हिक्टोरिया राणीस शेटलंडचे तलम पायमोजे नजर केले. पुढील काही दशकांत जाळीदार शालींना श्रीमंत घरांतून मोठी मागणी आली.

मागणी वाढली, पण विणणारीच्या हाती रोख पैसा क्वचितच पडला. 1872 साली सरकारने या प्रकाराची चौकशी केली. चौकशी करणाऱ्या विल्यम गथ्री यांच्यासमोर अनेक बायकांनी साक्षी दिल्या. शाल घेणारा व्यापारी बहुधा कापडाचा व चहाचा दुकानदार असे. मोबदलाही तो त्याच जिनसांत देई. घरात पीठ नाही, आणि हाती मात्र चहाची पुडी नि कापडाचा तुकडा! मग तो चहा शेजाऱ्यापाजाऱ्यांस देऊन त्याच्या बदल्यात धान्य मिळवावे लागे. 1887 साली कायद्याचे क्षेत्र वाढविण्यात आले. तरीही ही रीत तात्काळ मोडली नाही.

तथापि व्यापाराच्या या जाचात घरगुती विणकाम मेले नाही. दुकानात गेलेल्या शालीचा हिशेब वहीत मांडला गेला. पाळण्यात गेलेल्या शालीचा हिशेब कोणी मांडलाच नाही. बोटांतली कला आईकडून मुलीकडे गेली ती या दुसऱ्या वाटेने. 2010 साली तेथील प्राथमिक शाळांतून विणकामाचे शिक्षण बंद करण्यात आले, तेव्हा ही वाटही खुंटते की काय असे वाटू लागले. परंतु 2014 पासून जाणती माणसे लहान मुलांना एकत्र बसवून विनामूल्य विणकाम शिकवू लागली. ज्या कलेस बाजाराने कधी पुरते मोल दिले नाही, ती पुन्हा एकदा देणगी म्हणूनच पुढच्या पिढीच्या हाती पडत आहे.