देव्ह आणि आवेर

पेडणे महाल 1788 साली सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला. राज्य बदललं म्हणून हिशेबाची वही लगेच बदलत नाही. तुयेत आमच्या आजोबांच्या दुकानी शेवटपर्यंत ‘जमा’ आणि ‘नावे’च चालायचं. धाकटे आजोबा मात्र पणजीच्या लिसेवात शिकलेले. 1854 साली सुरू झालेल्या त्या शाळेत शिकून आलेल्या माणसाला गावात वेगळा मान असे. त्यांच्या वहीत डाव्या पानाच्या माथ्यावर ‘देव्ह’ आणि उजव्या पानावर ‘आवेर’ लिहिलेलं. फ्रान्समधले व्यापारी त्याच जागी ‘द्वा’ आणि ‘आव्वार’ लिहीत.

दोन्ही पानांचं मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणं. ‘देबेरे’ म्हणजे दुसऱ्याचं आपल्याकडे असणं, म्हणजेच देणं लागणं. पोर्तुगीज ‘देवेर’ आणि फ्रेंच ‘दव्वार’ या ‘देबेरे’तूनच आले. लिसेवात फ्रेंचही शिकवत, आणि दव्वार आपल्याला फुकटात आलं, असं धाकटे आजोबा सांगत. पैसे देणं लागतो, म्हणून काही करायला हवं. करायला हवं, त्याअर्थी ते झालंच असेल. कर्ज, कर्तव्य, मग अंदाज! क्रियापदाने मजल मोठी मारली खरी, पण मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये. ‘त्याने यावं’ आणि ‘तो आला असावा’ यांतली रूपं एकाच घरची, संस्कृत ‘तव्य’ची वंशज.

अडचण येते ती ‘दव्वार’च्या भूतकाळात. ‘इल आ द्यू पार्तीर’ म्हणजे त्याला जावं लागलं, आणि तो गेला असावा, हेही. कोणता अर्थ घ्यायचा, ते मागच्यापुढच्या बोलण्यावरून कळतं. आपण ‘लागलं’ आणि ‘असावा’ वेगवेगळे ठेवले, ते उधारी वसूल करणाऱ्याच्या सोयीचंच झालं.

तरी एका वाक्यात आपणही फ्रेंचांइतकेच अडकलो. 1868 पासून पणजीत बांको नासियोनाल उल्त्रामारीनूची शाखा होती. तिथे लोक दागिने गहाण ठेवीत. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्या सुमारास ते सोनं लिस्बनला गेलं. ‘आता ते परत मिळायला हवं,’ असं कुणी हक्काने म्हणे, कुणी नुसत्या अंदाजाने. 1991 साली दागिने भारतात परत आले. आमच्या आजीचं त्यात काही नव्हतं. गहाणासाठी ती गावच्या सोनारापलीकडे कधी गेलीच नाही.