वेगवान यंत्राचा विसावा

घोड्याची परीक्षा दौडींत होते, तशीच तो पागेंत उभा असतांनाही होते. मोटारीच्या इंजिनाचेंही तसेंच आहे. गाडी थांबलेली असतां, चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवर नसतां इंजिन मंद व सारख्या लयींत चालत राहिलें पाहिजे. या स्थितीस कारागीर 'आयडलिंग' म्हणतात. साध्या मोटारीस हें सहज साधतें. परंतु अधिक वेगासाठीं इंजिनांत फेरफार केले, कीं तें जागच्या जागीं आचके देऊं लागतें, प्रसंगीं बंदही पडतें. वेग आणि विसावा यांचा हा कलह मोटारीच्या इतिहासाइतकाच जुना आहे.

प्रारंभींच्या बहुतेक मोटारींत मिश्रण आंत घेणारी झडप पिस्टनच्या ओढीनें आपोआप उघडे. १९०१ सालीं नीस येथें गाजलेल्या मर्सिडीझ गाडींत विल्हेल्म मायबाख यांनीं ही झडप कॅमशाफ्टच्या हुकमतींत आणली. ३५ अश्वशक्तीचें तें इंजिन मिनिटास सुमारें ३०० ते १००० फेऱ्यांपर्यंत चालकाच्या इच्छेनें चाले. पण याच सोयींत कलहाचें बीज होतें. झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅम घातला, कीं दौडींत शक्ति वाढते. मात्र मग आंत घेणारी व धूर सोडणारी अशा दोनही झडपा कांहीं क्षण एकदमच उघड्या राहतात. मंदगतींत हवेची वाट जवळजवळ मिटलेली असल्यामुळें जळालेला धूर उलट आंत खेचला जातो, ताजें मिश्रण बिघडतें आणि एकादा स्फोट चुकतो.

यावरील उपचार पाहावयाचा तर १९६१ सालची इंग्लंडांतील मिनी कूपर पाहावी. मूळ मिनीचें ८४८ घन सेंटिमीटरचें इंजिन हिच्यांत ९९७ पर्यंत वाढविलें होतें. शक्ति ३४ वरून ५५ अश्वशक्तीवर गेली आणि एकाऐवजीं दोन एस्. यू. कार्बुरेटर आले. हा कार्बुरेटर पादत्राणांच्या व्यापारी घराण्यांतील जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनीं १९०४-०५ च्या सुमारास काढला. पहिल्या नमुन्यांत चामड्याचा भाता होता!

हौशी लोक अशा इंजिनांत आणखी तीव्र कॅम घालीत. मग जाणता कारागीर प्रथम झडपांचें अंतर, ठिणगीची वेळ व हवेची गळती तपाशी. नंतर रबरी नळीचें एक टोंक कानाशीं आणि दुसरें आळीपाळीनें दोन्ही कार्बुरेटरांच्या तोंडाशीं धरून दोहोंचा सूत्कार सारखा करी. शेवटीं कार्बुरेटरमधील पिस्टन किंचित् उचली. फेरे वाढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त. इंजिन मरूं लागलें तर कमी. क्षणभर जरा वाढून पूर्ववत् झाले तर योग्य. एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर फेरे हजारावर नेणें आणि पेट्रोल वाढविणें एवढाच तोडगा उरे.

या तोडग्याची किंमत मात्र रस्त्यावरचीं माणसें देत. अधिक पेट्रोल पुरतें जळत नाहीं व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वाढतो. १९७० सालीं अमेरिकेनें हवेच्या शुद्धतेसाठीं कडक कायदा केला. भारतांतही १९८९ च्या मोटार नियमांनीं मंदगतींतील या वायूस मर्यादा घातली.

दरम्यान कानाचें काम विद्युत्-गणकाकडे गेलें. १९७९ सालीं बॉश कंपनीच्या 'मोट्रॉनिक' योजनेनें इंधन व ठिणगी यांचा कारभार एकत्र केला. अशा योजनांत फेरे घटतांच ठिणगी थोडी आधीं पाडतां येते, हवा वाढवितां येते. पण दुरुस्ती अति झाली, कीं फेरे हेलकावे खाऊं लागतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६८ सालींच, यंत्रांच्या गति-नियंत्रकांवरील निबंधांत, अशा अस्थैर्याचें गणित मांडलें होतें. १९८९ सालीं होंडानें इंटेग्रा गाडींत सौम्य आणि तीव्र असे दोन प्रकारचे कॅम एकाच कॅमशाफ्टवर बसवून मूळ कलहच सोडविला: विसाव्यास सौम्य, दौडीस तीव्र.

तथापि जुन्या कारागिराचा क्रम अद्यापि खरा आहे. हवेची गळती गणक झांकूं शकतो, बुजवूं शकत नाहीं. म्हणून आधीं गळती, झडपा आणि ठिणगी, मग आंकडे. दौडीचा आनंद एकट्या चालकाचा असतो. उभ्या गाडीचा धूर मात्र सर्वांच्या वांट्यास येतो.