सहाबारीचे आयुष्य



१९३५ साली एका रात्री भोपाळच्या राजकन्या आबिदा सुलतान मोटार हाकीत कुरवाईला पोहोचल्या. कुरवाईचे नवाब हे त्यांचे पती. परंतु दोघे विभक्त झाले होते आणि जेमतेम वर्षाच्या मुलाचा ताबा नवाबसाहेब मागत होते. राजकन्येने जवळचे भरलेले रिव्हॉल्व्हर पतीच्या पुढ्यात टाकले आणि बजावले, की मुलगा हवा असेल तर आधी मला मारा, नाही तर मी तुम्हांला मारीन. हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. गोळी सुटली नाही. मुलगा आईजवळ राहिला.

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला अशा वेळी भलताच प्रश्न सुचतो. चाप ओढताच हे हत्यार उडेल, याविषयी त्या खोलीत कोणालाच शंका नव्हती. हा भरवसा सहाबारीने केव्हा मिळविला? आणि आजची सहाबारी जुनीपेक्षा खरोखरच अधिक टिकाऊ आहे काय?

ऐंशी वर्षे मागे गेलो, तर असा भरवसा कोणी धरला नसता. १८५७ साली भोपाळजवळच्या सीहोर छावणीत शिपाई उठले. त्या काळी इंग्रज अधिकारी कोल्ट अथवा अ‍ॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरे बाळगीत. त्यांत पितळी काडतूस नसे. चक्राच्या प्रत्येक घरात काळी दारू आणि गोळी ठासावयाची आणि मागे तांब्याची टोपी बसवावयाची. फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रात अडकला, की चक्र फिरेनासे होई. काळ्या दारूची काजळी हवेतील ओल शोषून घेई. हत्यार लगोलग धुऊन पुसले नाही, तर गंज चढलाच म्हणून समजावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारावयास नको. धातूचाही भरवसा नव्हता. कोल्टने १८४७ साली काढलेल्या प्रचंड वॉकर नमुन्यातील काही चक्रे बाराच्या जोराने फुटून गेली.

पुढे पितळी काडतूस आले, आणि १८८७ साली ब्रिटिश सैन्याने वेब्लीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. हे बिजागरीवर उघडते. नळी खाली झुकविली, की रिकामी काडतुसे आपोआप बाहेर पडतात. काडतुसाचा दाब बेताचा, म्हणून चिखलमातीतही ते वर्षानुवर्षे चाले. त्याची दुखरी जागा म्हणजे ती बिजागरी आणि वरची कडी. चित्रपटातील नायक एका हाताच्या झटक्याने ते फटकन मिटतात, तेव्हा माझा जीव कळवळतो! घराचे दार रोज आपटले, तर बिजागरी खिळखिळी व्हावयाचीच. शिवाय जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळल्यावर मिठासारखा क्षार मागे ठेवी. कितीतरी जुनी रिव्हॉल्व्हरे गोळ्या झाडून झिजली नाहीत. साफसफाईचा आळस झाला आणि नळी आतून खाल्ली गेली.

आता नव्यांकडे वळू. कुरवाईचा प्रसंग घडला, त्याच १९३५ साली अमेरिकेत मॅग्नम काडतूस निघाले. त्याचा दाब जुन्या अडतीसच्या काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट. स्मिथ आणि वेसन कंपनीने १९५५ साली ते काडतूस आटोपशीर सांगाड्यात बसविले. परंतु हलक्या, वेगवान गोळ्यांचा सतत मारा झाला, की नळीच्या मागील तोंडाशी, जेथे खालून धातू कापलेला होता तेथे, चिरा पडू लागल्या. १९८० साली कंपनीला अधिक भरभक्कम सांगाडा काढावा लागला. नवे म्हणून ते मजबूत, असे समजणारांनी हे ध्यानात ठेवावे. गंजाच्या बाबतीत मात्र नव्यांचा विजय निर्विवाद आहे. याच कंपनीने १९६५ साली स्टेनलेस पोलादाचे पहिले रिव्हॉल्व्हर काढले, आणि पावसाळ्याची भीती पुष्कळच कमी झाली.

आपल्या देशातील मौज निराळीच आहे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. शिक्षकाच्या पगारात बसणारी ही वस्तू नव्हे, ते असो. धातू एकविसाव्या शतकाचा. पण उघडते ते वेब्लीसारखे, बिजागरीवरच. आणि काडतूस बत्तीसचे, १८९६ सालच्या नमुन्याचे, सौम्य दाबाचे. जुन्या हाडांवर नवे मांस! माझ्या मते ही जोडणी शहाणपणाची आहे. कारण हलक्या सांगाड्याला मॅग्नमचा दणका रोज सोसत नाही, हे आपण आताच पाहिले.

आबिदा सुलतान १९५० साली पाकिस्तानात गेल्या. ज्याच्यासाठी ते रिव्हॉल्व्हर पुढ्यात पडले, तो मुलगा, शहरयार खान, पुढे त्या देशाचा परराष्ट्र सचिव झाला आणि त्याने भोपाळच्या बेगमांचा इतिहास लिहिला.