टायर दाब निरीक्षण प्रणाली

टायर दाब निरीक्षण प्रणाली ही मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यास चालकाला सूचना देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'टीपीएमएस' या नावाने ओळखली जाते. तिचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन प्रकार आहेत.

आवश्यकता

हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर वाकतात. या सततच्या वाकण्यामुळे रबर व आतील थर तापतात. वेग आणि भार जास्त असल्यास ही उष्णता वाढत जाऊन थर सुटे होतात आणि टायर फुटू शकतो. कमी दाबामुळे इंधन अधिक खर्च होते, टायरच्या कडा लवकर झिजतात आणि वाहनावरील ताबा कमी होतो. रेडियल टायरच्या बाजू योग्य दाब असतानाही किंचित फुगलेल्या दिसतात. म्हणून दाबातील घट नुसत्या नजरेने ओळखणे कठीण असते.

इतिहास

१९८६ च्या सुमारास आलेली पोर्श ९५९ ही अशी प्रणाली असलेली पहिली प्रवासी मोटार मानली जाते. प्रणालीच्या सक्तीला मात्र अपघातांची पार्श्वभूमी आहे. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीच्या काही टायरांचे थर सुटून, मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर ही वाहने उलटली. या टायरांशी संबंधित २७१ मृत्यूंची नोंद तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाने केली. ऑगस्ट २००० मध्ये लाखो टायर परत मागविण्यात आले आणि त्याच वर्षी 'ट्रेड' कायदा संमत झाला.

प्रशासनाच्या २००२ च्या पहिल्या नियमात एकाच टायरमधील घट ओळखणारी प्रणालीही चालणार होती. अपील न्यायालयाने २००३ मध्ये तो नियम रद्द केला. एक ते चारही टायरांतील घट ओळखण्याची अट असलेला सुधारित नियम २००५ मध्ये आला आणि सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना लागू झाला. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ही प्रणाली अनिवार्य आहे.

भारतात २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, ही प्रणाली आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असल्यास स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिली नाही.

कार्यपद्धती

प्रत्यक्ष प्रणाली: प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हला जोडून, एक लहान सेन्सर असतो. त्यातील सिलिकॉनचा पातळ पडदा हवेच्या दाबाने वाकतो व त्याचा विद्युत रोध बदलतो. त्यावरून दाब मोजला जातो. दाब, तापमान व सेन्सरचा ओळख क्रमांक ही माहिती रेडिओ लहरींद्वारे मोटारीतील ग्राहक यंत्राकडे जाते. त्यासाठी अमेरिकेत प्रामुख्याने ३१५ आणि युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झ वारंवारता वापरली जाते. बॅटरी वाचविण्यासाठी वाहन उभे असताना सेन्सर बहुतांशी निष्क्रिय राहतो. बॅटरी साधारणपणे ५ ते १० वर्षे टिकते. ती आत बंदिस्त असल्याने सहसा संपूर्ण सेन्सरच बदलावा लागतो.

अप्रत्यक्ष प्रणाली: ही दाब मोजत नाही, तर त्याचा अंदाज बांधते. हवा कमी झाली की चाकाची परिणामी त्रिज्या घटते, त्यामुळे तेवढेच अंतर कापण्यासाठी ते चाक इतरांपेक्षा किंचित अधिक फेरे घेते. एबीएस ब्रेकसाठी बसविलेले वेगमापक सेन्सर हा फरक टिपतात. केवळ या तुलनेवर चालणाऱ्या प्रणालीला चारही टायरांतील हवा सारखीच कमी झाल्यास ते कळत नाही. नंतरच्या प्रणाली चाकांच्या कंपनांचेही विश्लेषण करतात. हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर ही प्रणाली 'रीसेट' करावी लागते. हवा कमी असताना रीसेट केल्यास तो अपुरा दाबच प्रमाण धरला जातो.

इशारा

चालकासमोरील फलकावर टायरच्या छेदाच्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो. अमेरिकी नियमानुसार हा दिवा प्रथम सुमारे एक ते दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहिल्यास प्रणालीतच बिघाड असल्याचे समजावे. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरल्यास मोटारीच्या टायरमधील दाब सुमारे दीड ते दोन पीएसआयने घटतो. त्यामुळे थंडीच्या दिवसांत पहाटे लागलेला दिवा टायर तापल्यावर विझू शकतो. तरीही थंड टायरचा दाब तपासून घ्यावा.

मर्यादा

अमेरिकी निकषानुसार शिफारशीपेक्षा २५ टक्के घट झाल्यावर २० मिनिटांच्या आत इशारा मिळणे आवश्यक आहे. शिफारस ३३ पीएसआयची असेल, तर दाब सुमारे २५ पीएसआयपर्यंत उतरेतो दिवा लागेलच असे नाही; टायरची हानी मात्र त्याआधीच सुरू झालेली असू शकते. अचानक फुटणाऱ्या टायरची पूर्वसूचना या प्रणालीकडून मिळेलच असे नाही. टायरची झीज, चिरा किंवा वय तिला समजत नाही. म्हणून प्रणाली असली तरी महिन्यातून किमान एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी थंड टायरचा दाब मापकाने तपासण्याची शिफारस केली जाते. योग्य दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेला असतो. टायरवर छापलेला कमाल दाबाचा आकडा त्याऐवजी वापरू नये.